दृष्टिहीन वापरकर्त्याने डेस्कटॉप कोणता घ्यावा? बेळगाव सीमाभागातील ग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील दृष्टिहीन माणूस नवा डेस्कटॉप घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर साधारण चार पर्याय असतात. सुटे भाग निवडून स्थानिक दुकानात जोडून घेतलेला, म्हणजे असेंबल केलेला टॉवर हा पहिला. नामांकित कंपनीचा तयार टॉवर हा दुसरा. ॲपलचा मॅक मिनी हा तिसरा. आणि बंगळूर-हुबळीकडच्या कार्यालयांतून निघालेला, साफसूफ करून पुन्हा विकला जाणारा जुना डेस्कटॉप हा चौथा. पडद्यातच संगणक बसवलेल्या ऑल-इन-वन यंत्राचा विचार मी येथे करत नाही, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग आपण दृष्टिहीन पाहतच नाही अशा पडद्यासाठी असतो आणि तो पडदा बिघडला तर सगळे यंत्रच दुरुस्तीला न्यावे लागते.

डोळस ग्राहक पडद्याचा आकार, रंग, कॅबिनेटमधले दिवे यांवरून यंत्र पसंत करतो आणि दुकानदारही तेच आधी दाखवतो. आपल्या कसोट्या दोनच आहेत. बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत यंत्र किती वेळ बोलते राहते, ही पहिली; आणि ते गप्प झाले तर मदत किती जवळ आहे, ही दुसरी. पुढची सगळी तुलना मी या दोन कसोट्यांवरच केली आहे.

स्क्रीन रीडर आधी, यंत्र नंतर

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा कार्यक्रम म्हणजे स्क्रीन रीडर. विंडोजवर असे तीन सहज मिळतात. एनव्हीडीए हा मोफत आणि मुक्त स्रोत असलेला कार्यक्रम २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने लिहायला घेतला आणि आज जगभर वापरला जातो. जॉज हा त्याहून जुना व विकत घ्यावा लागणारा. परवाना नसताना तो चाळीस मिनिटे चालतो आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. तिसरा नॅरेटर, तो विंडोजमध्येच असतो आणि कंट्रोल, विंडोज व एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की बोलू लागतो. मॅकवर मात्र व्हॉइसओव्हर हा एकच पर्याय आहे. तो २००५ पासून मॅकच्या प्रणालीचाच भाग असून त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. लिनक्स या मोफत प्रणालीवर ऑर्का हा स्क्रीन रीडर आहे. ज्याला लिनक्स आधीपासून येते, त्याने ते जरूर वापरावे. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची स्थापना तर बोलत्या रूपात एकट्याने करता येते. परंतु गावात शिकवणारे कोणी नसताना पहिलाच संगणक म्हणून मी लिनक्सची शिफारस करणार नाही.

या फरकाचा खरेदीवर थेट परिणाम होतो. विंडोजचे यंत्र घेतले की तिन्ही स्क्रीन रीडरचे पर्याय खुले राहतात. घरी एनव्हीडीए वापरून उद्या बँकेत किंवा सरकारी कार्यालयात नोकरी लागली आणि तेथे जॉज असला, तरी यंत्र बदलावे लागत नाही. मॅक घेतला तर व्हॉइसओव्हरची पद्धत शिकावी लागते, आणि ती वेगळी आहे: कंट्रोल व ऑप्शन या दोन कळा धरून बाणांनी घटकाघटकावर जायचे आणि काही घटकांच्या आत शिरून मग बाहेर पडायचे. आयफोन वापरणाऱ्याला ही विचारसरणी लवकर अंगवळणी पडते. ज्याने शाळेत किंवा प्रशिक्षण केंद्रात विंडोजवर हात बसवला आहे, त्याला मात्र काही आठवडे नेट लावून सराव करण्याची तयारी ठेवावी लागेल.

आणखी एक गोष्ट विंडोजच्या बाजूने जाते. एनव्हीडीएच्या २०२५च्या आवृत्तीपासून दुसऱ्याच्या संगणकावर दुरून काम करण्याची सोय त्यातच आली आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए असले की पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेला जाणकार दृष्टिहीन मित्र तुमच्या चिकोडीतल्या यंत्राची कळफलकाने दुरुस्ती करू शकतो आणि तुमच्या यंत्राचे बोलणे त्याला तिकडे ऐकू येते. ज्या तालुक्यात स्क्रीन रीडर माहीत असलेला तंत्रज्ञ सापडणे कठीण, तेथे ही सोय फार मोलाची आहे.

यंत्र गप्प बसते तेव्हा

संगणक सुरू होताना आधी मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा मूळ कार्यक्रम, ज्याला सगळे बायॉस म्हणतात, तो चालतो आणि मगच विंडोज येते. सर्वसाधारण टॉवरमध्ये या पहिल्या टप्प्यावर आवाजाची सोय नसते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली, पंखा नीट फिरला नाही किंवा एखादी सेटिंग पुसली गेली, तर पडद्यावर एफ१ दाबण्याची सूचना येते आणि यंत्र तेथेच थांबून राहते. आपल्याला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येतो. यंत्र मेले आहे की एक कळ दाबण्याची वाट पाहते आहे, हे कानांना कळत नाही.

असेंबल केलेल्या टॉवरमध्ये यावर आधीच उपाय करून घेता येतो आणि म्हणूनच मी त्याला झुकते माप देतो. मदरबोर्डवर छोटा बझर बसवून घ्यावा. यंत्र ठीक असले की बहुतेक बोर्डांवर एकच छोटा ‘बीप’ येतो आणि बिघाड असला तर वेगळ्या लयीत अनेक येतात. दुकानातच तंत्रज्ञाकडून बायॉसमध्ये दोन बदल करून घ्यावेत: चूक आढळली तरी यंत्राने एफ१ची वाट पाहत थांबू नये, आणि गेलेली वीज परत आली की यंत्राने काय करावे ते आपल्या सोयीने ठरवून ठेवावे. दहा मिनिटांचे हे काम पुढची पाच वर्षे उपयोगी पडते. कंपनीच्या तयार टॉवरमध्ये या सेटिंग कधी असतात, कधी नसतात, आणि बझर बसवायला जागा असेलच असे नाही.

मॅक मिनी या बाबतीत सरळ उजवा आहे. सुरू होताना त्याचा ठरलेला ध्वनी येतो. त्याला स्वतःचा स्पीकर आहे, त्यामुळे बाहेरचे काहीही न जोडता तो बोलू शकतो. पहिल्या जोडणीपासून व्हॉइसओव्हर कमांड आणि एफ५ या कळांनी सुरू करता येतो, आणि प्रणाली बिघडून दुरुस्तीच्या विभागात जावे लागले तर तेथेही तो चालतो. एकट्या राहणाऱ्या आणि घरात डोळस माणूस नसणाऱ्या व्यक्तीसाठी या स्वावलंबनाची किंमत मी फार मोठी समजतो. विंडोज ११ची स्थापना नॅरेटरच्या साहाय्याने एकट्याने करता येते हे खरे, परंतु त्या वेळी यंत्राच्या ध्वनीचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा कार्यक्रम, मिळाला नसेल तर नॅरेटर सुरू होऊनही आवाज येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे यूएसबीचा साधा हेडफोन. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. टॉवर घेणाऱ्याने असा एक हेडफोन कायम कपाटात ठेवावा.

येथेच स्वस्त मॉनिटरचा प्रश्न येतो. ‘आपल्याला पडदा कशाला’ असे वाटणे स्वाभाविक आहे, तरीही लहानसा, जुना चालेल, पण एक मॉनिटर जोडलेला असावा असे माझे ठाम मत आहे. काही बोर्ड पडद्याशिवाय नीट सुरू होत नाहीत. शिवाय यंत्र गप्प झाले की मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून ‘बी माय आइज’ किंवा ‘सीइंग एआय’ यांसारख्या ॲपकडून त्यावरचा मजकूर वाचून घेता येतो, आणि बायॉसची सूचना ओळखण्याचा हा आज सर्वांत सोपा मार्ग आहे. मात्र एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज कधी कधी सगळा आवाज त्या मॉनिटरकडे वळवते आणि मॉनिटरला स्पीकर नसला तर यंत्र मुके झाल्यासारखे वाटते. म्हणून मॉनिटर जोडल्यानंतर आवाज कोठून येतो हे दुकानातच तपासावे.

मराठी, कन्नड आणि हात

सीमाभागातल्या माणसाची गरज पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वेगळी आहे. आपण घरी मराठी वाचतो, जमिनीचा उतारा आणि ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, बँकेचा व्यवहार इंग्रजीत होतो आणि अर्ज भरायचे संकेतस्थळ अर्धे कन्नड, अर्धे इंग्रजी असते. एकाच भाषेत छान बोलणारा आवाज आपल्याला पुरत नाही.

एनव्हीडीएबरोबर ई-स्पीक हा आवाज येतो आणि त्यात मराठी, कन्नड, हिंदी या तिन्ही भाषा आहेत. तो आवाज गोड नाही, यांत्रिक आहे. परंतु कळ दाबताक्षणी बोलतो आणि वेग बराच वाढवला तरी शब्द सुटे राहतात. शिवाय एनव्हीडीएमध्ये वेगवेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे संच, करून प्रत्येकाला कळांची स्वतंत्र जोडी देता येते, म्हणजे एका जोडीने मराठी आवाज आणि दुसऱ्या जोडीने कन्नड. मॅकवर हिंदीचा आवाज कानाला अधिक माणसासारखा लागतो, पण मराठीचा आवाज न निवडता हिंदी आवाजाकडूनच मराठी वाचून घेणे काही पानांनंतर कंटाळवाणे होते. म्हणून मॅक घेण्याचा विचार असेल तर दुकानातच आवाजांची यादी उघडायला लावून, आपल्या ओळखीचा मराठी मजकूर आणि एखादी कन्नड नोटीस वाचायला लावावी आणि मगच पैसे द्यावेत.

एक अडचण मात्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, म्हणजे कन्नडमध्ये नुडी या टंकलेखन कार्यक्रमाच्या जुन्या पद्धतीत आणि मराठीत युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेला मजकूर, स्क्रीन रीडरला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. स्कॅन केलेल्या कागदाचे चित्र तर त्याला वाचताच येत नाही. तेथे अक्षरे ओळखणारा वेगळा कार्यक्रम लागतो. टेसरॅक्ट हा मोफत कार्यक्रम मराठी आणि कन्नड दोन्ही ओळखतो आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. हे काम रोजचे असेल तर प्रोसेसर व मेमरी यांवर थोडा अधिक खर्च करणे योग्य ठरते, कारण शंभर पानांची फाइल ओळखताना मंद यंत्र बराच वेळ खाते.

टंकलेखनासाठी मी इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीचाच आग्रह धरतो आणि त्याचे कारण खास आपल्या भागाचे आहे. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी एकच ठेवलेली आहे. उजवी तर्जनी ज्या उंचवट्यावर विसावते त्या जे कळीवर मराठीत ‘र’ येतो आणि कन्नडमध्येही ‘र’च येतो, शेजारच्या के कळीवर दोन्हीकडे ‘क’. डाव्या तर्जनीच्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी, तिच्या डावीकडे पाय मोडण्याची खूण. बोटांना एकदा मराठी आली की विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलायची आणि त्याच बोटांनी कन्नड अर्ज भरायचा. भारती ब्रेलमध्येही ‘क’चे ठिपके दोन्ही भाषांत तेच असल्यामुळे ज्याची ब्रेलवर पकड आहे त्याला हे लवकर पटते. हे कळफलक विंडोज आणि मॅक दोन्हींत आधीच असतात, त्यामुळे या मुद्द्यावर दोघांत फरक नाही.

फरक पडतो तो कळफलकाच्या वस्तूत. तो पूर्ण आकाराचा, उजवीकडे आकड्यांचा विभाग असलेला आणि वायरचा असावा. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत पडद्यावरचा मजकूर ओळीओळीने, शब्दाशब्दाने तपासण्याच्या आज्ञा त्या आकड्यांच्या विभागावर असतात. तो नसलेला आटोपशीर कळफलक दिसायला सुंदर असला तरी आपले काम वाढवतो. वरच्या रांगेतील एफ-कळांच्या चार-चारच्या गटांमध्ये बोट घालता येईल एवढी फट हवी, म्हणजे न मोजता एफ५ आणि एफ९ सापडतात. एफ, जे आणि आकड्यांतील पाच यांवरचे उंचवटे स्वतः चाचपून पाहावेत. काही स्वस्त कळफलकांवर ते इतके पुसट असतात की महिन्याभरात झिजून जातात. ज्या कळफलकावर एफ-कळा दाबल्या की आवाज कमी-जास्त होतो किंवा प्रकाश बदलतो, तो घेऊ नये. २०२४च्या मॅक मिनीवर सगळे यूएसबी दरवाजे लहान, सी प्रकारचे आहेत. त्यामुळे आवडता जुना कळफलक जोडायचा तर जोडपट्टीचा (अडॅप्टरचा) खर्च धरावा. त्याचे सुरू करण्याचे बटणही तळाशी, मागच्या कोपऱ्यात आहे. ते बोटाला सापडते, पण त्यासाठी यंत्राचा कोपरा उचलावा लागतो.

पैसे कोठे घालावेत, कोठे वाचवावेत

ग्राफिक्स कार्ड, मोठा पडदा आणि दिव्यांचे कॅबिनेट यांवर आपण एक रुपयाही खर्च करू नये. मात्र इंटेलचा प्रोसेसर घेताना एक खबरदारी घ्यावी: नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांत चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते आणि मग वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एफ नसलेला साधा आय३ किंवा अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन आपल्या कामाला पुरतो.

वाचलेले पैसे सर्वप्रथम एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर घालावेत. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ इतके रेंगाळते की कळ दाबल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, आणि डोळस माणूस जेथे फिरणारे चक्र पाहून थांबतो तेथे आपण, यंत्र अडकले असे समजून पुन्हा पुन्हा कळा दाबत राहतो. मेमरी १६ जीबी असावी. बजेट तोकडे असेल तर ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा रिकामी ठेवावी. असेंबल केलेल्या टॉवरमध्ये मेमरी पुढे केव्हाही वाढवता येते. मॅक मिनीत मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून तेथे जे हवे ते पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. भारतात ५९,९०० रुपयांना आलेल्या एम४ मॅक मिनीत १६ जीबी मेमरी मुळातच होती, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आवाजासाठी वायरचा हेडफोन किंवा हाताने फिरवायची बटणे असलेले स्पीकर घ्यावेत. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि शांततेनंतरच्या पहिल्या शब्दाची सुरुवात अनेकदा गिळली जाते. गाणी ऐकताना ते चालते. ओटीपीचे आकडे ऐकताना चालत नाही. कॅबिनेटचा पंखा फार घोंघावत असेल तर दिवसभर ऐकून डोके दुखते, म्हणून टॉवर निवडताना तो चालू करून शेजारी कान नेऊन ऐकावा. शांतपणाच्या बाबतीत मॅक मिनीची बरोबरी साधा टॉवर करू शकत नाही.

पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि शेतावरच्या वस्तीत तर वर्षभर नसतो. टॉवर असो वा मॅक, यूपीएसशिवाय डेस्कटॉप घेऊ नये. दिवे गेलेले आपल्याला दिसत नाहीत. यूपीएसची टुकटुक हीच आपली सूचना असते, म्हणून तिचा आवाज बंद करून ठेवू नये.

जुना डेस्कटॉप

विद्यार्थ्यांना हा पर्याय मोहात पाडतो आणि तो सरसकट वाईटही नाही. परंतु विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तसेच इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच डेस्कटॉप चौथ्या किंवा सहाव्या पिढीचे असतात. तेव्हा पिढी विचारून, बिलावर लिहून घेऊनच व्यवहार करावा. अशा यंत्रांत अनेकदा काटछाट केलेले, परवाना नसलेले विंडोज घालून दिले जाते. त्यातून नॅरेटर आणि बोलण्याचे घटकच काढून टाकलेले असू शकतात, आणि मग अडचणीच्या वेळी शेवटचा आधारही जातो. आठव्या पिढीचा, एसएसडी घातलेला, अधिकृत विंडोज असलेला जुना डेस्कटॉप बारावी-पदवीच्या अभ्यासाला नक्कीच पुरतो.

दुरुस्ती आणि माझी पसंती

असेंबल केलेला टॉवर बिघडला तर बेळगावातच त्याचा भाग बदलून मिळतो. निपाणीकर कोल्हापूर गाठतो, चिकोडी-अथणीकडचा सांगली-मिरजेलाही जातो. कंपनीच्या टॉवरला घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी असेल तर ती आपल्यासाठी फार मोठी सोय आहे, कारण कॅबिनेट काखोटीला मारून बसने जाणे आपल्याला सोपे नाही. मात्र आपल्या पिनकोडवर ती सेवा खरोखर मिळते का, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या मदत क्रमांकावर स्वतः विचारावे. मॅकचे अधिकृत सेवा केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे, हे पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

ज्याच्या घरात डोळस माणसे आहेत, विंडोजची सवय आहे आणि कामात कन्नड-मराठी दोन्ही येतात, त्याने असेंबल केलेला टॉवर आणि एनव्हीडीए घ्यावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. जो एकटा राहतो, आयफोन वापरतो आणि एकदाच अधिक पैसे घालू शकतो, त्याने मॅक मिनी घ्यावा. ज्याला दुकानदारावर भरवसा नाही आणि दारात सेवा मिळते, त्याने कंपनीचा टॉवर.

विंडोजचे कोणतेही यंत्र पाहायला जाताना एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर घालून न्यावी. ती काही स्थापन न करता चालते, त्यामुळे दुकानदाराने हरकत घेण्याचे कारण नाही. यंत्र बंद करून स्वतः सुरू करावे, पेन ड्राइव्हवरून एनव्हीडीए चालवावे, समोरच्या जॅकमध्ये आपला हेडफोन लावावा, एक मोठे संकेतस्थळ उघडून शीर्षकाशीर्षकावर एच कळीने उड्या माराव्यात आणि कळ व शब्द यांत किती अंतर पडते ते ऐकावे. यूएसबीचे सगळे दरवाजे हाताने मोजून प्रत्येकात पेन ड्राइव्ह एकदा घालून पाहावा. बिल छापील कागदाऐवजी, किंवा त्यासोबत, वाचता येईल अशा पीडीएफमध्ये मागावे आणि त्यावर प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक व हमीची मुदत आली आहे का, हे दुकान सोडण्यापूर्वी मोबाइलवर ऐकून घ्यावे.